श्रमक्षमता व जीवनगुणवत्ता मापन, चिरकारी फुप्फुसविकारांतील

फुप्फुसांच्या चिरकारी (दीर्घकालीन) विकारांत, विशेषतः चिरकारी श्वासनलिकाशोथ व वातस्फीती (वायुकोशांच्या भित्ती नष्ट होऊन ते विस्फारणे) यांत, रुग्णाला किती श्रम झेपतात आणि विकाराचा त्याच्या दैनंदिन जीवनावर कोणता परिणाम होतो, हे ठरविण्याच्या पद्धती. प्रारंभी केवळ फुप्फुसाचे कार्य मोजले जाई; रुग्णाच्या स्वतःच्या अनुभवाला मापनात स्थान मिळण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली.

इंग्रज वैद्य जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये श्वसनमापकाचे वर्णन प्रसिद्ध केले. दीर्घ श्वासानंतर बाहेर टाकता येणाऱ्या हवेचे घनफळ उंचीनुसार वाढते, असे त्यांनी दोन हजारांहून अधिक व्यक्तींच्या तपासणीवरून दाखविले. १९४७ मध्ये फ्रान्समधील तिफनो व पिनेली यांनी या मापनाला कालाची जोड दिली. पुढे जोराने सोडलेल्या उच्छ्वासाचे पहिल्या सेकंदातील घनफळ हे श्वासमार्गातील अवरोधाचे प्रमुख निदर्शक ठरले. तथापि हे घनफळ सारखेच असलेल्या दोन रुग्णांपैकी एक बाजारहाट करू शकतो, तर दुसऱ्याला कपडे बदलतानाही धाप लागते. कारण श्रमक्षमता हृदय, पायांचे स्नायू व मनःस्थिती यांवरही अवलंबून असते.

हा प्रश्न दक्षिण वेल्समधील कोळसा खाणकामगारांच्या बाबतीत तीव्रतेने पुढे आला. त्यांची नुकसानभरपाई अपंगत्वाच्या निश्चितीवर अवलंबून होती. परंतु क्ष-किरण छायाचित्रातील बदल व कामगाराचा श्वासकष्ट यांचा नेहमीच मेळ बसत नसे. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९४५ मध्ये कार्डिफजवळ स्थापन केलेल्या संशोधन केंद्राचे पहिले संचालक चार्ल्स फ्लेचर यांनी श्वासकष्टाविषयी ठराविक प्रश्न विचारण्याची पद्धत अवलंबिली. तिच्यातून विकसित झालेली पाच पायऱ्यांची श्रेणी १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली.

अमेरिकी हवाई दलातील वैद्य केनेथ कूपर यांची बारा मिनिटे धावण्याची चाचणी १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या धर्तीवर मॅकगॅव्हिन, गुप्ता व मॅकहार्डी यांनी १९७६ मध्ये चिरकारी श्वासनलिकाशोथाच्या रुग्णांसाठी बारा मिनिटे चालण्याची चाचणी मांडली. १९८२ मध्ये बटलंड व सहकाऱ्यांनी सहा मिनिटांचा अवधी पुरेसा असल्याचे दाखविले. परीक्षकाच्या प्रोत्साहनाने अंतर वाढते, असे गायट व सहकाऱ्यांना १९८४ मध्ये आढळले. म्हणून अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २००२ मध्ये ३० मी. लांबीचा मार्ग व उच्चारावयाची ठराविक वाक्येही निश्चित केली.

गायट यांच्याच गटाने १९८७ मध्ये श्वासकष्ट, थकवा, भावस्थिती व विकारावरील ताबा या चार अंगांची प्रश्नावली तयार केली. लंडनमधील सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या नावाने ओळखली जाणारी, पॉल जोन्स व सहकाऱ्यांची प्रश्नावली १९९० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत प्रसिद्ध झाली. तीत ० ते १०० गुण असून अधिक गुण अधिक हानी दर्शवितात.

या मापनांचे महत्त्व श्वसन-पुनर्वसनात (व्यायाम व शिक्षण यांवर आधारित उपचारात) स्पष्ट होते. त्याने फुप्फुसाचे कार्य फारसे सुधारत नाही. पण चालण्याचे अंतर वाढते व श्वासकष्ट कमी होतो. केवळ श्वसनमापकावर विसंबल्यास हा उपचार निरुपयोगी ठरला असता. २००४ मध्ये सेली व सहकाऱ्यांनी शरीरभार, श्वासमार्गातील अवरोध, श्वासकष्ट व सहा मिनिटांतील अंतर एकत्र करून निर्देशांक मांडला. मृत्यूचा धोका वर्तविण्यात तो केवळ उच्छ्वासाच्या मापनापेक्षा सरस ठरला.