गिरणगांवचा संसार आणि त्याची उमेद

मुंबईचा इतिहास लिहिणाऱ्यांनीं किल्ला, गोदी आणि शेठ-सावकारांचे वाडे यांचें वर्णन मोठ्या हौसेनें केलें. परळ-लालबागच्या चाळींकडे त्यांची दृष्टि वळली ती बहुधा संपाच्या किंवा प्लेगच्या वेळींच. त्यामुळें गिरणी कामगार म्हणजे भोंग्याबरोबर उठणारा, पगार गुत्त्यांत उडविणारा आणि उद्यांची चिंता न करणारा गडी, अशी समजूत सुशिक्षित घरांतून रूढ झाली. तिची थोडी झडती घेण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

परळ हें एके काळीं शहराबाहेरचें हवेशीर उपनगर. मुंबईचे गव्हर्नर तेथें राहत. कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापडगिरणी १८५६ सालीं ताडदेवास सुरू झाली आणि पुढील तीस-चाळीस वर्षांत धुराडीं उत्तरेकडे पसरत गेलीं. गव्हर्नरसाहेब मलबार हिलवर राहावयास गेले; त्यांच्या परळच्या वाड्यांत १८९९ पासून प्लेगची लस तयार होऊं लागली. भोंवतीं वसाहत झाली ती रत्नागिरी, सातारा, पुणें या जिल्ह्यांतील माणसांची. १९२१ च्या खानेसुमारींत मुंबईच्या लोकवस्तीपैकीं शेंकडा ८४ माणसें मुंबईबाहेर जन्मलेलीं आढळलीं.

एकाच गांवचे दहा-बारा गडी एका खोलीचें भाडें वांटून घेत. दिवसपाळीचा उठला कीं रात्रपाळीचा त्याच जागीं अंग टाकी. प्रत्येकाची मालमत्ता म्हणजे एक पत्र्याची पेटी. जेवण खानावळींत; आणि पगार हातीं आला कीं गांवच्या मनीऑर्डरीची घाई. शिमग्याला व गणपतीला रजा मिळो न मिळो, पावलें कोंकणाकडे वळत. मालक मंडळी तक्रार करीत कीं या लोकांचा एक पाय सदा गांवीं. यांना गिरणींत पुढें येण्याची इच्छाच नाहीं.

आमच्या मतें ही बेफिकिरी नव्हे, हिशेब होता. नोकरी जॉबरच्या मर्जीवर. त्याची मर्जी फिरली कीं दुसऱ्या दिवशीं बदलीवाल्यांच्या घोळक्यांत दरवाज्यापाशीं उभें राहावें लागे. आजारपणाला पगार नाहीं, म्हातारपणाला पेन्शन नाहीं. मग गांवचें घर आणि वावभर जमीन हाच विमा! १९२८ सालीं एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारें दीड लाख कामगार संपावर राहिले, ते कोणाच्या भाकरीवर? पुष्कळजण गांवीं जाऊन राहिले होते. शाही मजूर कमिशननेंही १९३१ च्या अहवालांत गांवाशीं असलेला हा संबंध उपकारकच ठरविला. १९८२ च्या संपांतही हाच आसरा कामीं आला. मात्र त्या वेळीं पुष्कळांना परत यावयास गिरणीच उरली नाहीं.

आणि या मंडळींनीं संघटितपणें प्रथम मागितलें काय? १८८४ सालीं 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं परळास सभा भरविली आणि सुमारें ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. रविवारची सुटी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, आणि कामावर जखमी झालेल्याला भरपाई. पगारवाढीचा शब्द त्यांत नाहीं! ज्यांच्यावर उधळेपणाचा आरोप, त्यांनीं पैशाआधीं वेळ मागितला, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. रविवार पदरांत पडला १८९० सालीं. त्या वेळांतूनच तालमी, भजनी मंडळें, कामगारांचीं नाटकें उभीं राहिलीं. १९११ सालीं निघालेल्या सोशल सर्व्हिस लीगनें रात्रीच्या शाळा चालविल्या. दिवसभर मागावर उभा राहिलेला माणूस कंदिलाच्या उजेडांत बाराखडी गिरवावयास बसतो, त्याला उद्यांची चिंता नाहीं असें कोण म्हणेल?

बायकांच्या उमेदीची नोंद तर कागदांत फारच क्वचित् सांपडते. चुलीपाशीं बसून दहा-वीस गड्यांच्या दोन्ही वेळच्या पोळ्या भाजणाऱ्या खानावळवाल्या उधारीवर धान्य घेत आणि महिनाअखेर वाण्याचें व्याज फेडतां फेडतां हातीं कांहीं उरत नसे. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें, आणि या बायकांना बँकेचें कर्ज मिळूं लागलें. तोंपर्यंत या धंद्याला धंदा म्हणावयासही कोणी तयार नव्हतें.

गांवचें घर आणि मुलाची शाळा, अशा दोन दिशांना ओढणाऱ्या या उमेदी कधीं कधीं एकाच खोलींत नांदत. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगारानें रस्त्यावर टाकलेलें एक अर्भक घरीं आणिलें, वाढविलें, चार इयत्ता शिकविलें. गिरणी सुटल्यावर गंगाराम कोंकणांत परतले. मुलगा मुंबईंतच राहिला. त्यानें मिळेल तें काम केलें, महानगरपालिकेच्या शाळेंत शिपाई झाला आणि पुढें तशाच शाळेंत शिक्षक. 'ऐसा गा मी ब्रह्म' हा नारायण सुर्वे यांचा पहिला कवितासंग्रह १९६२ सालीं निघाला.