खड्डा कोणाचा? सहा औंसांच्या तराजूपासून ‘हापास’पर्यंत

इंग्लंडमधल्या मराठी मंडळींच्या गप्पांत हवामान आणि घरांच्या किमती संपल्या, की तिसरा विषय हमखास निघतो तो खड्ड्यांचा. “तिकडच्या रस्त्यांना नावं ठेवायचो, आता इथेही तेच,” असं कोणीतरी म्हणतं, सगळे हसतात आणि चहा येतो. पण खरा प्रश्न पुढचाच आहे. खड्डा बुजवायला कोणती पद्धत वापरायची हे कोण ठरवतं, आणि दुरुस्ती फसली तर जाब कोणाला विचारायचा? या देशाला त्याचं उत्तर शोधायला चार शतकांहून अधिक काळ लागला.

सुरुवात झाली १५५५ साली, मेरी राणीच्या कारकिर्दीत. प्रत्येक पॅरिशने आपल्या हद्दीतले रस्ते दुरुस्त ठेवायचे, असा कायदा झाला. गावकऱ्यांनी वर्षाचे चार दिवस बिनपगारी राबायचं. १५६३ मध्ये त्याचे सहा दिवस झाले. देखरेखीला गावातलेच सर्व्हेयर, तेही बिनपगारी. थोडक्यात, वेठबिगारच. माणसं आली की नाहीत हे मोजता येई, पण काम टिकाऊ झालं की नाही हे कशाने मोजणार? पुढे टोल घेणारे टर्नपाइक ट्रस्ट आले. त्यांनी पैसा आणला, पण दुरुस्तीचं शास्त्र पैशाबरोबर आपोआप येत नाही. खड्डा दिसला की मिळेल तो दगड आणि माती त्यात ढकलायची, ही रीत चालूच राहिली. वेठीची ती पद्धत १८३५ साली रद्द झाली.

त्याआधीच, १८१६ मध्ये, ब्रिस्टॉलच्या टर्नपाइक ट्रस्टने जॉन लाउडन मॅकॅडम या स्कॉटिश माणसाला सर्व्हेयर नेमलं होतं. त्याचं म्हणणं साधं होतं. भार खरा पेलते ती खालची जमीन, आणि ती कोरडी राहिली तरच पेलते. म्हणून वर बारीक फोडलेली, स्वच्छ, कोनदार खडी पसरायची. चाकांखाली ती एकमेकींत घट्ट बसते आणि पाणी आत मुरू देत नाही. खडीचा एकही तुकडा सहा औंसांपेक्षा, म्हणजे साधारण १७० ग्रॅमपेक्षा जड नको, असा त्याचा दंडक होता. देखरेख करणाऱ्याने तराजू आणि सहा औंसांचं वजन जवळ बाळगावं, असंही तो सांगे. मला यातला तराजू खडीहून महत्त्वाचा वाटतो. ‘काम चांगलं झालं’ हे आता कोणाच्या तोंडी हवाल्यावर अवलंबून नव्हतं. ते तिथल्या तिथे तपासता येत होतं. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या निविदांत आजही ‘बिटुमिनस मॅकॅडम’ हे शब्द असतात. ते नाव याच माणसाचं.

मोटारी आल्या आणि त्यांची चाकं खडीच्या सांध्यांतली धूळ उधळू लागली. नॉटिंगहॅमशायरचा काउंटी सर्व्हेयर एडगर हूली याने १९०२ साली डांबर मिसळलेल्या खडीचं पेटंट घेतलं. तोच ‘टारमॅक’. मग १९३३ मध्ये हार्मंड्सवर्थला, आज जिथे आपली विमानं उतरतात त्या हीथ्रोच्या शेजारीच, सरकारी रस्ते संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. रस्ता किती घसरडा आहे हे मोजणारं लोलकाचं यंत्र तिथेच विकसित झालं. तराजूची जागा प्रयोगशाळेने घेतली.

जबाबदारीचं मात्र घोंगडं भिजतच होतं. १७८८ मध्ये मोडक्या पुलामुळे गाडीचं नुकसान झालेल्या एका माणसाने डेव्हन परगण्याविरुद्ध दावा लावला आणि तो हरला. रस्ता दुरुस्त न केल्याबद्दल अधिकाऱ्यांवर दावा चालत नाही, हे तत्त्व पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षं टिकलं. ते मोडलं १९६१ च्या कायद्याने. आज इंग्लंड-वेल्समध्ये १९८० च्या हायवेज ॲक्टचं कलम ४१ काउन्सिलवर रस्ता राखण्याचं कर्तव्य टाकतं. कलम ५८ तिला बचाव देतं, तो असा की आम्ही वाजवी काळजी घेतली होती. पण तसं सिद्ध करावं लागतं. तपासणी कधी केली, दुरुस्ती कशी केली, याच्या नोंदी दाखवाव्या लागतात. प्रमाणपत्रांना खरं मोल आलं ते इथून.

१९९१ च्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकलं. पाणी, गॅस किंवा केबलसाठी रस्ता खणणाऱ्या कंपनीने तो स्वतःच कायमचा पूर्ववत करायचा. कामावर प्रशिक्षित, प्रमाणपत्रधारक माणूस हवा. आणि कामाची हमी दोन वर्षं, खोल खोदाई असेल तर तीन. त्याच दशकात ‘हायवे ऑथॉरिटीज प्रॉडक्ट अप्रूव्हल स्कीम’ सुरू झाली. तिचं लघुरूप ‘हापास’. रत्नागिरीकरांचे कान टवकारतील, पण हा हापूस नव्हे! तुलना मात्र अगदीच चुकीची नाही. पेटीवर ‘देवगड’ छापलं म्हणून आंबा देवगडचा होत नाही. तो कुठून आला हे खात्रीने सांगणारं कोणीतरी लागतं. रस्त्यांच्या बाबतीत हे काम ‘ब्रिटिश बोर्ड ऑफ ॲग्रेमाँ’ ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था करते.

ती नुसता माल तपासत नाही. प्रयोगशाळेतल्या चाचण्या, प्रत्यक्ष रहदारीखालचा अनुभव, कारखान्यातली गुणवत्ता आणि बसवणाऱ्याची पद्धत, या सगळ्यांकडे पाहिलं जातं. म्हणून शब्द ‘माल’ नाही, ‘प्रणाली’ आहे. पादचारी क्रॉसिंगच्या अलीकडे दिसणारा लाल किंवा पिवळसर खरखरीत पट्टा घ्या. रेझिनवर भाजलेल्या बॉक्साइटचे बारीक कण बसवून तो करतात. नवा असताना चांगला आणि वाईट पट्टा सारखेच दिसतात. पण दोन हिवाळ्यांत कण सुटले, तर पावसात ब्रेक लागूनही गाडी पुढे सरकेल, आणि पुढे शाळेला निघालेलं कोणाचं तरी मूल असेल. पिशवीतून येणाऱ्या थंड डांबराचंही तसंच. तात्पुरतं आणि कायमचं, दोन्ही काळंच दिसतं.

तरीही प्रमाणपत्र म्हणजे जादूचा ताईत नव्हे. ते ठरावीक वापरापुरतं आणि ठरावीक पद्धतीपुरतं असतं. खड्ड्याच्या कडा सरळ कापल्या नाहीत, आतलं पाणी आणि माती काढली नाही, सांधे बंद केले नाहीत, तर उत्तम मालही उखडतो. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि राहिलेलं काम पुरं करतं. निवड करणाऱ्याने म्हणून दोन प्रश्न विचारायला हवेत. ही प्रणाली या रस्त्यासाठी, या रहदारीसाठी प्रमाणित आहे का? आणि ती बसवणारा तिच्यात शिकलेला आहे का? स्वस्तातला खड्डा तीनदा बुजवावा लागला, तर तो स्वस्त राहत नाही. इंग्लंड-वेल्सच्या स्थानिक रस्त्यांची तुंबलेली दुरुस्ती २०२५ च्या उद्योग-पाहणीनुसार १६ अब्ज पौंडांच्या वर गेली आहे. अशा वेळी हा हिशेब आपल्याच काउन्सिल टॅक्सचा आहे.

आपण काय करावं? खड्डा दिसला की जागा, तारीख आणि फोटो यांसह काउन्सिलला लेखी कळवावं. खड्ड्याची माहिती तिला होती का, हे न्यायालय पाहतं; नोंद नसेल तर बचाव सोपा होतो. तोच खड्डा पुन्हा उखडला, तर कोणती पद्धत वापरली आणि हमी कोणाची, हे विचारावं. २००० च्या माहिती स्वातंत्र्य कायद्यानुसार साधारणपणे वीस कामकाजी दिवसांत उत्तर मिळायला हवं. इथे वाढलेल्या आपल्या मुलांना तर ही पत्रं आपल्यापेक्षा सहज लिहिता येतात. महाराष्ट्रातही रस्त्याकडेच्या फलकावर कंत्राटदाराचं नाव आणि ‘दोषदायित्व कालावधी’ लिहिलेला आढळतो. सुट्टीत गेलात तर तो जरूर वाचा. मॅकॅडमचा तराजू पेलायला इंजिनिअर असावं लागत नव्हतं. आजही विचारायला लागत नाही.