बोट सरकलं की चित्र सरकतं: अ‍ॅपमधलं अ‍ॅनिमेशन स्पर्शाने कसं चालतं?

व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर बोट दाबून धरलं की ते थांबतं. यूट्यूबवर उजव्या बाजूला दोनदा टॅप केलं की व्हिडिओ १० सेकंद पुढे जातो. या सवयी आता इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्यामागे काय घडतं, हा प्रश्नच पडत नाही. शैक्षणिक अ‍ॅप, डिजिटल गोष्टी आणि संग्रहालयांच्या टचस्क्रीनवरचं अ‍ॅनिमेशनही याच तत्त्वावर चालतं.

अ‍ॅनिमेशनला बोटाची हालचाल कशी कळते?

अ‍ॅपसाठी अ‍ॅनिमेशन म्हणजे ० ते १ अशी एक पट्टी. ० म्हणजे सुरुवात, १ म्हणजे शेवट. 'प्ले' केल्यावर घड्याळ हा आकडा पुढे नेतं. बोटाने सरकवल्यावर घड्याळाची जागा बोट घेतं. बोट स्क्रीनच्या अर्ध्या रुंदीपर्यंत गेलं, तर आकडा ०.५ होतो आणि अ‍ॅनिमेशनचा मधला क्षण दिसतो. सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या स्क्रीनवर प्रत्येक चित्रासाठी जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात काम झालं नाही, तर चित्र अडखळतं.

कोणत्या खुणेचा काय अर्थ?

- एक टॅप: सुरू किंवा बंद
- दोन टॅप: ठरावीक सेकंद पुढे-मागे
- दाबून धरणं: बोट उचलेपर्यंत थांबवणं
- आडवं सरकवणं: हव्या त्या क्षणी जाणं
- दोन बोटांची चिमूट: चित्र लहान-मोठं करणं

गोंधळ कुठे होतो?

एकाच जागी एक टॅप आणि दोन टॅप अशा दोन्ही खुणा असतील, तर दुसरा टॅप येतो का, हे पाहायला अ‍ॅपला क्षणभर थांबावं लागतं. म्हणून साधा 'पॉज'ही थोडा उशिरा लागल्यासारखा वाटतो. दुसरी अडचण कडेची. अँड्रॉइड १० पासून स्क्रीनच्या कडेने आत सरकवणं म्हणजे 'मागे जा'. अ‍ॅनिमेशनची पट्टी अगदी कडेपर्यंत नेली, तर गोष्ट मागे नेण्याऐवजी अ‍ॅपच बंद होऊ शकतं.

चिरनेरचं उदाहरण

समजा, चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर शाळांसाठी अ‍ॅप करायचं आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या या गावात सत्याग्रहींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात आठ जण हुतात्मा झाले. हे अ‍ॅनिमेशन आपोआप धावत राहिलं, तर आठ नावं वाचून व्हायच्या आत पडद्यावरून जातील. इथे दाबून धरून थांबवता येणं गरजेचं आहे.

पण प्रत्येक दृश्य बोटाने उलटं फिरवता यावं का? गोळीबाराचं दृश्य उलट सरकवलं, तर कोसळलेली माणसं पुन्हा उभी राहताना दिसतील. मुलं तेच पुन्हा पुन्हा करतील आणि प्रसंगाचा खेळ होईल. त्यामुळे अशा ठिकाणी मागे सरकवल्यावर उलटं अ‍ॅनिमेशन न दाखवता थेट दृश्याच्या सुरुवातीला नेणं योग्य. कोणत्या खुणेला कुठे 'नाही' म्हणायचं, हा निर्णयही डिझाइनचाच भाग असतो.

सर्वांना वापरता यावं म्हणून

वेब सर्वांना वापरता यावं यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष तीन गोष्टी सांगतात. इतर मजकुराच्या जोडीने आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून जास्त चालणारी हालचाल थांबवता आली पाहिजे. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा काही लखलखू नये, कारण त्यामुळे काहींना झटका येऊ शकतो. आणि दोन बोटांनी किंवा सरकवून होणारं काम साध्या टॅपनेही जमलं पाहिजे. हात थरथरणाऱ्या आजींना चिमूट जमेलच असं नाही, बटण मात्र दाबता येतं.

तुम्ही काय करू शकता?

हालचालींमुळे गरगरत असेल, तर फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' उघडा. आयफोनमध्ये 'रिड्यूस मोशन', तर बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये 'रिमूव्ह अ‍ॅनिमेशन्स' हा पर्याय मिळतो. नीट बनवलेलं अ‍ॅप ही निवड ओळखतं आणि हलत्या चित्राऐवजी स्थिर चित्र दाखवतं.