शाळा विकास आराखडा : सातारा व सांगली जिल्हे

शाळा विकास आराखडा म्हणजे शाळेविषयी व विद्यार्थ्यांविषयी संकलित केलेल्या माहितीच्या आधारे शाळेच्या सुधारणेसाठी तयार केलेली लेखी योजना होय. पटसंख्या, उपस्थिती, चाचण्यांतील संपादणूक, शिक्षकसंख्या आणि भौतिक सुविधा हे तिचे प्रमुख आधार असतात. पश्चिम महाराष्ट्रातील सातारा व सांगली जिल्ह्यांत डोंगरी, बागायती आणि दुष्काळी असे तिन्ही प्रदेश असल्याने एकाच आकड्याचा अर्थ गावागणिक बदलतो.

== कायदेशीर आधार ==

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २१ नुसार विनाअनुदानित खासगी शाळा वगळता इतर शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असणे आवश्यक आहे. कलम २२ नुसार ही समिती आराखडा तयार करते आणि शासनाच्या योजना व अनुदान यांसाठी तोच आधार मानला जातो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने शाळेची माहिती केवळ वरिष्ठ कार्यालयास पाठविण्यासाठी नसून गावातील पालकांनी वाचण्यासाठीही आहे.

== माहितीचे स्रोत ==

* '''यू-डायस''' : प्रत्येक शाळेस अकरा अंकी क्रमांक असतो. साताऱ्यातील क्रमांक २७३१ ने, तर सांगलीतील २७३५ ने सुरू होतात. या प्रणालीत पट नोंदविण्याची संदर्भ तारीख प्रदीर्घ काळ ३० सप्टेंबर ही राहिली.
* '''सरल''' : २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने सुरू केलेली विद्यार्थिनिहाय संगणकीय नोंदप्रणाली.
* '''शाळासिद्धी''' : सात क्षेत्रांत शाळेने करावयाचे स्वयंमूल्यमापन.
* '''चाचण्या''' : २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ शासन निर्णयानंतर घेण्यात आलेल्या पायाभूत व संकलित चाचण्या.
* '''शाळेतील दप्तर''' : हजेरीपट, दाखल-खारीज नोंदवही, संचयी नोंदपत्रके.

== आकड्यांचे वाचन ==

वर्गाच्या सरासरीवरून कोणते मूल कोठे अडले आहे, हे कळत नाही. वाचन येत नसलेल्या मुलांची नावे, अडलेला टप्पा आणि त्यामागचे कारण नोंदविले तरच पुढील कृती ठरविता येते. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांत विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने ज्ञानरचनावादी पद्धतीचे काम झाले. मूल नेमके कोणत्या टप्प्यावर आहे हे पाहून त्याला पुढील अनुभव देणे, हे त्याचे सूत्र होते. राज्यभरातील शिक्षकांनी या शाळांना भेटी दिल्या.

कोयना खोऱ्यातील आणि जावळी, पाटण, महाबळेश्वर तालुक्यांतील लहान शाळांत टक्केवारी फसवी ठरते. बारा मुलांच्या शाळेत एका मुलाच्या निकालाने आठ टक्क्यांहून अधिक फरक पडतो. अशा ठिकाणी नावनिहाय नोंदच उपयोगी पडते. जत तालुक्यात कन्नड भाषक वस्ती असल्याने मराठी वाचनातील अडचण आकलनाची की घरच्या भाषेची, हे आधी ठरवावे लागते.

== स्थलांतर आणि नोंदींतील पोकळी ==

कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड मजुरांची कुटुंबे येतात. हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. त्यामुळे ३० सप्टेंबरला मूळ गावच्या पटावर असलेले मूल नोव्हेंबरात फडावर असते. मूळ शाळेचा पट पूर्ण दिसतो, तर फडाजवळच्या शाळेच्या आकड्यांत त्या मुलाला स्थानच नसते. दोन्ही आराखडे कागदोपत्री बिनचूक असूनही मूल शिक्षणाबाहेर राहू शकते. ही पोकळी भरण्यासाठी साखरशाळा, हंगामी वसतिगृहे आणि स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असे उपाय योजले गेले. महिन्यागणिक हजेरीची तुलना केल्यास अशी गळती वेळीच ध्यानात येते.

== मर्यादा व आक्षेप ==

पटसंख्येवर संचमान्यता, म्हणजे शिक्षकांची मंजूर पदे, अवलंबून असतात. त्यामुळे पट फुगविण्याचा मोह निर्माण होतो. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर झालेल्या पटपडताळणीत मुलांच्या बोटांना शाई लावून प्रत्यक्ष मोजणी करण्यात आली होती. चाचण्यांच्या निकालावरून शिक्षकांस जाब विचारला गेल्यास गुणही फुगण्याचा धोका असतो. विविध प्रणालींत तीच माहिती पुनःपुन्हा भरण्यात अध्यापनाचा वेळ जातो, हा शिक्षक संघटनांचा जुना आक्षेप आहे.

आराखड्याची उपयुक्तता माहितीच्या प्रमाणापेक्षा तिच्या खरेपणावर अवलंबून असते. उणीव नोंदविणाऱ्या शाळेस शिक्षेऐवजी साहाय्य मिळाले, तरच उणीव कागदावर येते. ती कागदावर आली नाही, तर आराखड्यात तिच्यावरील उपायही येत नाही.