कॅनडाचा एकांडा शिलेदार

आपल्याकडे पूर्वीं फौजेंत बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारी पागेंतून मिळे; शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचें हत्यार घेऊन चाकरीला येई. त्यांतही जो कोणत्याच पथकांत न मिळतां एकटा येई, त्याला एकांडा म्हणत. राजकारणांतही हे प्रकार आढळतात. बहुतेकांचीं मतें पक्षाच्या पागेंतून मिळालेलीं असतात. एखादाच आपलें मत स्वतः पोसून आणतो. आज ज्या कॅनेडियन गृहस्थांविषयीं मला बोलावयाचें आहे, ते अशांपैकीं एक होत. त्यांनीं आयुष्याचा मोठा भाग युद्धाला विरोध करण्यांत घालविला, तेव्हां त्यांना शिलेदार म्हणणें थोडें विचित्र दिसेल. परंतु याहून चपखल शब्द मला सुचला नाहीं.

1939 सालच्या सप्टेंबर महिन्याची 8 तारीख. ब्रिटननें जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारून पांच दिवस झाले होते, आणि कॅनडानें त्यांत उतरावें कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं ओटावा येथें पार्लमेंटची खास बैठक भरली होती. निकाल काय लागणार, याविषयीं कोणालाच शंका नव्हती. अशा वेळीं पासष्ट वर्षांचे एक सभासद बोलावयास उभे राहिले. प्रकृति ढासळलेली, दृष्टि इतकी मंद कीं, भाषणाचे मुद्दे पत्नीनें मोठमोठ्या अक्षरांत लिहून दिलेले, आणि टॉमी डग्लस नांवाचे तरुण सहकारी एकेक कागद त्यांच्या हातीं देत होते. ही आठवण डग्लस यांनींच पुढें सांगितली आहे. बोलणारे गृहस्थ एका पक्षाचे पुढारी होते. परंतु त्या दिवशीं ते पक्षाच्या वतीनें बोलत नव्हते, कारण पक्षाचा निर्णय निराळा झाला होता. त्यांचें नांव जेम्स शेव्हर वुड्सवर्थ.

त्यांचा जन्म 1874 सालीं ऑंटेरिओ प्रांतांत, एका मेथॉडिस्ट धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. वडिलांकडे पश्चिमेकडील मिशनांची देखरेख आल्यामुळें बालपण मॅनिटोबाच्या सपाट, गव्हाच्या मुलुखांत गेलें. शिक्षण विनिपेग, टोरोंटो व ऑक्सफर्ड येथें झालें, आणि 1900 सालीं मुलानेंही वडिलांप्रमाणेंच धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली. 1907 ते 1913 हीं वर्षें त्यांनीं विनिपेगच्या उत्तर भागांत, परदेशांतून आलेल्या गरीब मजुरांच्या वस्तींत काढलीं. दाटीवाटीचीं बिऱ्हाडें, आज आहे तर उद्यां नाहीं असा रोजगार, मुलांचीं आजारपणें, हें सारें रोज पाहिल्यावर, मनुष्याच्या हालांना त्याचें स्वतःचें पापच कारण, हा जुना उपदेश त्यांना अपुरा वाटूं लागला.

येथें एक गोष्ट लपवून चालणार नाहीं. या परदेशी लोकांविषयीं त्यांनीं 1909 सालीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत गरिबांविषयीं कळकळ आहे, तशीच वंशांची उतरंडही आहे. ब्रिटन व उत्तर युरोपांतील लोक वर, दक्षिण व पूर्व युरोपांतील खालीं, आणि आशियांतील लोक तर कॅनडाच्या समाजांत मिसळूंच शकणार नाहींत, असा त्याचा एकंदर सूर. पश्चिम कॅनडांत त्या काळीं हें मत सर्रास होतें. ब्रिटिश कोलंबिया प्रांतानें 1907 सालीं हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेतला होता. आणि 1914 सालीं ‘कोमागाटा मारू’ हें जहाज 376 हिंदी उतारू घेऊन व्हँकुव्हरला आलें, तेव्हां त्याला दोन महिने बंदरांत तिष्ठत ठेवून बहुतेक सर्वांना परत धाडण्यांत आलें. कळकळ आणि पूर्वग्रह एकाच मनांत सुखानें नांदूं शकतात, हें आपण आपल्याकडेही पाहिलेलें आहे. वुड्सवर्थ यांच्याविषयीं सांगण्यासारखी गोष्ट ही कीं, ते या मतावर थांबले नाहींत.

पहिल्या महायुद्धानें त्यांना प्रथम एकटें पाडलें. 1916 सालीं ते प्रेअरी प्रांतांच्या सरकारांनीं चालविलेल्या एका समाजसंशोधन कचेरीचे संचालक होते. त्या वर्षाच्या अखेरीस सरकारनें पुरुषांची नोंदणी आरंभिली. ही सक्तीच्या लष्करभरतीची पहिली पायरी आहे, असें वुड्सवर्थ यांनीं वर्तमानपत्रांत पत्र लिहून बजावलें. आणि माणसांना प्राण धोक्यांत घालावयास लावण्यापूर्वीं लोकांची मालमत्ता युद्धासाठीं ताब्यांत घेणें अधिक न्यायाचें नव्हे काय, असा सवाल टाकला. लवकरच नोकरी गेली. 1918 सालीं, चर्च युद्धभरतीचें साधन बनलें आहे म्हणून, त्यांनीं धर्मोपदेशकाच्या पदाचाही राजीनामा दिला, आणि ऑक्सफर्डला शिकून आलेला हा चव्वेचाळीस वर्षांचा गृहस्थ व्हँकुव्हरच्या धक्क्यावर हमाली करूं लागला.

पुढच्याच वर्षीं, 1919 च्या मे महिन्यांत, विनिपेग येथें सुमारें तीस हजार कामगारांनीं सार्वत्रिक संप पुकारला. संपवाल्यांच्या पत्राच्या संपादकाला अटक झाल्यावर वुड्सवर्थ यांनीं संपादन हातीं घेतलें; आणि 21 जून रोजीं पोलिसांच्या गोळीबारांत दोन माणसें बळी पडलीं, त्यानंतर दोनच दिवसांनीं त्यांनाही अटक झाली. आरोप राजद्रोही लिखाणाचा. त्या लिखाणांत बायबलांतील यशया संदेष्ट्याचीं वचनेंही होतीं! हा खटला सरकारनें पुढें चालविलाच नाहीं. विनिपेगच्या मतदारांनीं मात्र 1921 सालीं त्यांना पार्लमेंटांत पाठविलें, आणि मरेपर्यंत ते तेथें राहिले.

आतां त्यांच्या देशांतर्गत राजकारणाकडे वळूं. 1925 च्या निवडणुकीनंतर कोणत्याच पक्षाला बहुमत उरलें नाहीं, आणि वुड्सवर्थ व हीप्स या दोन मजूर सभासदांच्या मतांना एकाएकीं किंमत आली. असल्या वेळीं लोक मंत्रिपद मागतात. वुड्सवर्थ यांनीं दोन्ही मोठ्या पक्षांच्या पुढाऱ्यांना एकच पत्र धाडून विचारलें कीं, बेकारांसाठीं आणि वृद्धांच्या पेन्शनसाठीं आपण काय करणार? पंतप्रधान मॅकेंझी किंग यांनीं पेन्शनचें वचन दिलें. 1926 सालीं सीनेटनें तें विधेयक फेटाळलें. पण 1927 सालीं कायदा झाला. सत्तर वर्षांवरील गरजू वृद्धांना महिन्याला वीस डॉलरपर्यंत पेन्शन, तीही मिळकतीची कसून चौकशी करून, आणि कॅनडाच्या मूळच्या आदिवासी लोकांना वगळून. दान तोकडें होतें खरें. परंतु म्हातारपणची भाकर ही दया नसून हक्क आहे, हें तत्त्व कायद्याच्या पुस्तकांत शिरलें.

1932 सालीं, मंदीच्या ऐन कडाक्यांत, शेतकरी, कामगार व समाजवादी यांना एकत्र आणून कॅल्गरी येथें ‘को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन’ हा पक्ष स्थापन झाला आणि वुड्सवर्थ त्याचे पहिले पुढारी झाले. 1933 च्या रिजायना येथील जाहीरनाम्यानें बँका व वाहतूक राष्ट्राच्या मालकीची करावी, औषधपाण्याची सोय सार्वजनिक करावी, असें सांगितलें. त्याच जाहीरनाम्यांत वंश, राष्ट्र व धर्म न पाहतां कायद्यापुढें सर्व रहिवासी समान, असेंही कलम होतें. 1909 चें पुस्तक लिहिणारा मनुष्य चोवीस वर्षांत येथवर आला होता. हा पक्ष चिनी-जपान्यांना मताधिकार देणार, असा बागुलबुवा विरोधकांनीं 1935 च्या निवडणुकींत उभा केला, तरी पक्षानें आपलें म्हणणें सोडलें नाहीं. ब्रिटिश कोलंबियांतील हिंदी लोकांना गेलेला हक्क परत मिळाला तो 1947 सालीं. तें पाहावयास वुड्सवर्थ हयात नव्हते.

कम्युनिस्टांशीं हातमिळवणी करण्यास त्यांनीं साफ नकार दिला. तथापि, ज्या कलमाखालीं कम्युनिस्टांना तुरुंगांत टाकलें जाई, तें फौजदारी कायद्याचें 98 वें कलम रद्द व्हावें म्हणून ते पार्लमेंटांत वर्षानुवर्षें झगडले. 1936 सालीं तें रद्द झालें. ज्याचें मत आपणांस पटत नाहीं, त्याच्या बोलण्याच्या हक्कासाठीं भांडणें हीच या प्रश्नांत खरी कसोटी असते.

त्यांचें परराष्ट्रधोरण याच विचारांतून निघालेलें होतें. युद्धाचा नफा एकाच्या पदरांत आणि मरण दुसऱ्याच्या, हें 1916 चें शल्य त्यांच्या मनांतून गेलें नव्हतें. 1937 च्या जानेवारींत त्यांनीं ठराव मांडला कीं, लढणारे कोणीही असोत, कॅनडानें तटस्थ राहावें, आणि युद्धसाहित्य पुरवून कोणालाही नफा करूं देऊं नये. ठराव नापास झाला. दोन वर्षांनीं युद्ध आलें तेव्हां त्यांच्या पक्षानें मध्यम मार्ग काढला: आर्थिक मदत द्यावी, परंतु समुद्रापार सैन्य धाडूं नये. वुड्सवर्थ यांना तेंही पटलें नाहीं. त्यांनीं पुढारीपणाचा राजीनामा पुढें केला. सहकाऱ्यांनीं तो न स्वीकारतां त्यांना स्वतःपुरतें बोलण्याची मोकळीक दिली.

त्या भाषणांत त्यांनीं आपल्या मुलांचा उल्लेख केला. त्यांच्यापैकीं कोणी भ्याडपणानें नव्हे, तर श्रद्धेनें युद्धाला नकार देऊन छळछावणी किंवा बंदुकीची गोळी पत्करील, तर तो सैन्यांत गेल्यापेक्षां आपणांस त्याचा अधिक अभिमान वाटेल, असें ते म्हणाले. हे विचार येथें बोलतां येतात, जर्मनींत ते बोलतां आले नसते, हेंही त्यांनीं मोकळेपणानें मान्य केलें. पंतप्रधान किंग यांनीं त्यांचें मत खोडलें, पण असा मनुष्य हा कोणत्याही पार्लमेंटचें भूषण होय, असें सभागृहांत सांगितलें. विरोधांत एकच मत पडलें, अशी कथा पुढें रूढ झाली. वस्तुतः क्वेबेकच्या कांहीं सभासदांनींही विरोध केला होता, आणि मतांची रीतसर मोजणी झालीच नाहीं. परंतु स्वतःच्या पक्षापासून अलग होऊन उभा राहिलेला पुढारी हाच एक. 10 सप्टेंबरला कॅनडानें युद्ध पुकारलें.

याच आठवड्यांत आपल्याकडे काय घडलें, तें आठवा. 3 सप्टेंबरलाच व्हाइसरॉयनीं हिंदुस्थान युद्धांत असल्याचें जाहीर केलें; कोणत्याही विधिमंडळाला विचारलें नाहीं. त्याच्या निषेधार्थ मुंबईंत बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळ पायउतार झालें. आणि 1940 च्या ऑक्टोबरांत पवनारला विनोबांनीं युद्धविरोधी भाषण केलें, तेव्हां त्यांना तुरुंगांत जावें लागलें. वुड्सवर्थ बोलून घरीं गेले. एकाच साम्राज्यांत एकाच मताची किंमत देशपरत्वें अशी निराळी होती. तथापि कॅनडाच्या सहिष्णुतेलाही मर्यादा होतीच: 1940 सालीं पुरुषांच्या नोंदणीला विरोध करणाऱ्या माँट्रिऑलच्या नगराध्यक्षांना स्थानबद्ध करण्यांत आलें.

मग वुड्सवर्थ यांचें बरोबर होतें काय? हा प्रश्न टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. 1914 च्या युद्धाविषयीं त्यांचा निवाडा पुष्कळांना पटेल. परंतु 1945 नंतर छळछावण्यांचें जें स्वरूप उघड झालें, तें पाहतां, हिटलरला तटस्थतेनें आवरतां आलें असतें असें म्हणवत नाहीं. ज्या स्वातंत्र्यानें त्यांना बोलूं दिलें, तेंच त्या युद्धांत पणाला लागलें होतें. त्यांच्या भाषणांत याला पुरेसें उत्तर सांपडत नाहीं. मात्र युद्धाचा भार कोण वाहतो आणि लाभ कोणाला होतो, हा त्यांचा प्रश्न त्यामुळें खोटा ठरत नाहीं.

1940 च्या निवडणुकींत, ऐन युद्धांत, विनिपेगच्या मतदारांनीं त्यांना पुन्हां निवडून दिलें. मताधिक्य मात्र अगदीं थोडें होतें. 21 मार्च 1942 रोजीं व्हँकुव्हर येथें त्यांचें निधन झालें. त्या मतदारांपैकीं अनेकांचे मुलगे त्या वेळीं सैन्यांत असतील, आणि युद्धाविषयींचें त्यांचें मत सर्वांनाच मान्य असेल असें नाहीं. तरीही त्यांनीं त्यांना निवडलें. आपल्याशीं न जुळणारें मत बाळगणाऱ्या प्रामाणिक माणसाला त्याच्या जागेवर राहूं द्यावयाचें, एवढें शहाणपण विनिपेगच्या त्या कामकरी लोकांपाशीं होतें. श्रोतेहो, या कथेंतील त्यांचा वाटाही आपण ध्यानांत ठेवावा, एवढेंच सुचवून मी आपली रजा घेतों.