वाट न पाहणारा कारकून

आपण संगणकावर किंवा मोबाइलवर एखादे संकेतस्थळ उघडतो, बटण दाबतो आणि क्षणभर थांबतो. त्या क्षणी आपण एकटेच थांबलेले नसतो. आपली मागणी जिथे पोहोचते तो दूरचा संगणक, म्हणजे सर्व्हर, तोही बहुतेक वेळ कशाची तरी वाट पाहत असतो. आज मी जो इतिहास सांगणार आहे तो या वाट पाहण्याचा आहे. आणि त्यात एका अशा भाषेची गोष्ट आहे, जिला जाणकार प्रोग्रॅमर बरीच वर्षे पोरखेळ समजत होते. ती भाषा म्हणजे जावास्क्रिप्ट.

मी प्रोग्रॅमिंग शिकवतो. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवण्याचे 'नोड डॉट जेएस' नावाचे साधन शिकायला मुले येतात. चार-सहा ओळींत त्यांचा पहिला सर्व्हर उभाही राहतो. पण हे साधन असेच का घडले, असे विचारले की वर्ग शांत होतो. त्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातल्या आज्ञांमध्ये नाही, ते मागच्या तीस वर्षांत आहे.

१९९५ साली कॅलिफोर्नियातील नेटस्केप कंपनीला आपल्या ब्राउझरसाठी एक छोटी, सोपी भाषा हवी होती. ब्रेंडन आइक यांनी त्या वर्षीच्या मे महिन्यात अवघ्या दहा दिवसांत तिचा पहिला नमुना लिहिला. आधी तिचे नाव मोका होते, मग लाइव्हस्क्रिप्ट झाले आणि डिसेंबरमध्ये सन कंपनीबरोबर घोषणा करताना जावास्क्रिप्ट झाले. जावा ही तेव्हाची गाजलेली भाषा. तिच्या नावाचा लाभ मिळावा हा त्यामागचा हेतू. नात्याने या दोघी सख्ख्या बहिणी नव्हेत.

अनेकांना ठाऊक नसते ती गोष्ट पुढची आहे. ही भाषा सर्व्हरवरही चालावी, हा विचार पहिल्यापासूनच होता. डिसेंबर १९९५ च्या घोषणेत ब्राउझर आणि सर्व्हर या दोन्ही टोकांचा उल्लेख आहे. नेटस्केपने आपल्या सर्व्हरसाठी 'लाइव्हवायर' नावाचे साधनही दिले. मायक्रोसॉफ्टने १९९६ च्या अखेरीस आणलेल्या एएसपी या तंत्रातही सर्व्हरवर जेस्क्रिप्ट, म्हणजे जावास्क्रिप्टचा त्यांचा अवतार, वापरता येत असे. तरीही हे रोप रुजले नाही. भाषा मंद चालत असे, लाइव्हवायर एकाच कंपनीच्या सर्व्हरला बांधलेले होते, आणि तोवर पीएचपी व जावा यांनी जागा धरली होती. जावास्क्रिप्ट पुन्हा ब्राउझरमध्ये जाऊन बसली.

इकडे सर्व्हरपुढे वेगळेच संकट उभे राहत होते. ते समजण्यासाठी तहसील कचेरी डोळ्यांपुढे आणा. समजा, तिथे असा नियम आहे की येणाऱ्या प्रत्येक माणसाला एक स्वतंत्र कारकून द्यायचा. माणूस उतारा मागतो, कारकून शिपायाला दप्तरखान्यात पाठवतो आणि कागद येईपर्यंत हात बांधून बसून राहतो. दहा माणसे आली तर दहा कारकून. दहा हजार आली तर? तेवढ्या टेबल-खुर्च्याच कचेरीत मावणार नाहीत. संगणकात या टेबल-खुर्च्या म्हणजे मेमरी. एकाच यंत्राने एकाच वेळी दहा हजार जोडण्या कशा सांभाळायच्या, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये नेमकेपणाने मांडला.

उत्तर तर्काला सोपे आहे. एकच कारकून ठेवायचा. त्याने अर्ज घ्यायचा, शिपायाला पिटाळायचे आणि लगेच पुढच्या माणसाला बोलवायचे. कागद आला की ज्याचा त्याला हाक मारून द्यायचा. रशियाच्या इगोर सिसोएव यांनी २००४ साली खुला केलेला 'एनजिनएक्स' हा सर्व्हर याच रीतीने काम करतो. म्हणजे कल्पना जुनी होती. पण सामान्य प्रोग्रॅमरला आपले रोजचे काम या रीतीने लिहिता येत नव्हते. पायथन आणि रूबी या भाषांत तशी साधने होती खरी. मात्र त्या भाषांतले बाकीचे सारे सामान हात बांधून बसणाऱ्या कारकुनाच्या हिशेबाने बनलेले. दहा जणांनी नियम पाळला आणि अकराव्याने मोडला तरी रांग अडते.

इथे रायन डाल हा अमेरिकन तरुण येतो. फ्लिकरवर छायाचित्र चढवताना 'किती काम झाले' हे दाखवणारी पट्टी पाहून त्याला प्रश्न पडला, की एवढी साधी गोष्ट सर्व्हरला इतकी अवघड का जावी? त्याने इतर भाषांत खटपट केली आणि २००९ मध्ये तो जावास्क्रिप्टपाशी येऊन थांबला. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला बर्लिनमधल्या परिषदेत त्याने नोड लोकांपुढे ठेवले. त्या भाषणात त्याने काही आकडे दाखवले होते. प्रोसेसरला अगदी जवळच्या साठ्यातून माहिती घ्यायला ३ ठोके लागतात, मेमरीतून २५०, डिस्कवरून ४ कोटी १० लाख आणि नेटवर्कवरून २४ कोटी. हे आकडे मी मुलांना वेगळ्या रीतीने सांगतो. एक ठोका म्हणजे एक सेकंद धरा. मग मेमरीतून माहिती यायला चार मिनिटे लागतील, डिस्कवरून पावणेपाचशे दिवस, आणि नेटवर्कवरून साडेसात वर्षांहून अधिक. साडेसात वर्षे पगार घेऊन हात बांधून बसलेला कारकून कोणत्या कचेरीला परवडेल?

मग जावास्क्रिप्टच का? तर त्या भाषेत वाट पाहत बसण्याची सोयच नव्हती म्हणून. फाइल वाचणे, नेटवर्कवर बोलणे, यातले भाषेच्या स्वतःच्या पोटात काहीच नव्हते. ब्राउझरात त्याची गरज नव्हती. डालला पाटी कोरी मिळाली. शिवाय ब्राउझरातला प्रोग्रॅमर अनेक वर्षे 'बटण दाबले की हे कर' अशाच रीतीने लिहीत आला होता. 'कागद आला की हे कर' हे त्याला नव्याने शिकवावे लागले नाही. जी उणीव म्हणून हिणवली गेली होती, तीच कामाला आली.

दुसरे कारण वेगाचे. २००४ मधले जीमेल आणि २००५ मधले गूगल मॅप्स यांनी ब्राउझरात किती काम होऊ शकते हे दाखवले आणि जावास्क्रिप्ट पळवण्याची शर्यत लागली. सप्टेंबर २००८ मध्ये गूगलने क्रोम ब्राउझर आणला. त्यातले 'व्ही-एट' हे इंजिन डेन्मार्कचे लार्स बाक यांच्या नेतृत्वाखाली घडले होते. ते जावास्क्रिप्टचे थेट यंत्रभाषेत रूपांतर करीत असे आणि सर्वांना खुले होते. डालने तेच उचलले. १९९५ मध्ये जे नव्हते, ते १४ वर्षांनी हाताशी आले.

पुढे नोड झपाट्याने पसरले. पेपॅल कंपनीने २०१३ मध्ये आपलेच एक पान जावा आणि नोड अशा दोन्ही रीतींनी बनवून पाहिले. नोडच्या आवृत्तीत ३३ टक्के कमी ओळी लागल्या आणि उत्तर मिळण्याचा सरासरी वेळ ३५ टक्क्यांनी घटला, असे कंपनीने जाहीर केले. एका कंपनीचा एका पानावरचा हा अनुभव. तो सार्वत्रिक नियम मानू नये.

कारण या रीतीला मर्यादा आहेत. आमच्या एकट्या कारकुनाने स्वतःच लांबलचक बेरीज करायला घेतली, तर मागची सगळी रांग ताटकळते. चित्रांवर प्रक्रिया, मोठी आकडेमोड अशी कामे त्याच्याकडे देऊ नयेत. त्यासाठी नोडमध्ये २०१८ पासून वेगळे मदतनीस जोडण्याची सोय झाली. 'हे झाले की ते, ते झाले की आणखी काही' अशा एकात एक अडकलेल्या सूचनांचे जंजाळही होई. २०१७ मध्ये भाषेच्या प्रमाणात आलेल्या नव्या रचनेने ते बरेच सुटले.

दुसरी मर्यादा माणसांच्या बाजूची आहे. २०१० पासून एनपीएम नावाचे एक सामायिक कोठार उभे राहिले. कुणीही आपला तुकडा तिथे ठेवावा आणि कुणीही तो घ्यावा. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रॅमरने नावावरून झालेल्या वादात आपले सर्व तुकडे काढून घेतले. त्यात 'लेफ्ट-पॅड' हा अवघा ११ ओळींचा तुकडा होता. मजकुराच्या डावीकडे जागा भरणे एवढेच त्याचे काम. पण त्यावर दुसरे तुकडे उभे होते, त्यांवर तिसरे, आणि जगभर असंख्य प्रकल्पांची जुळणी अडली. काही तासांत तो तुकडा कोठारात परत ठेवला गेला, नियमही कडक झाले. तरी प्रश्न उरलाच. आपल्या घराची कोणती वीट कुणाची आहे, हे आपल्याला ठाऊक असते का?

खुद्द डालने २०१८ मध्ये, पुन्हा बर्लिनमध्येच, नोडबद्दलच्या आपल्या पश्चात्तापाच्या दहा गोष्टी जाहीरपणे सांगितल्या आणि 'डेनो' हे नवे साधन पुढे ठेवले. नोडच्या अक्षरांची अदलाबदल केली की डेनो होते! तरी नोडचा वापर थांबला नाही. एकदा रस्ता पडला की माणसे त्यावरून चालत राहतात.

माझ्या वर्गातल्या कित्येकांच्या घरी या शिक्षणाच्या फीसाठी पैसे बाजूला टाकलेले असतात. आज शिकलेले साधन पाच वर्षांनी चालेल का, ही त्यांची काळजी खोटी नाही. लाइव्हवायर शिकलेल्यांचे ज्ञान काही वर्षांत निरुपयोगी झाले. पण सर्व्हर कुठे थांबतो, किती थांबतो आणि तो वेळ वाया कसा जाऊ देऊ नये, हे ज्याला कळले त्याचे ज्ञान नोडबरोबर सुरू झाले नव्हते आणि नोडबरोबर संपणारही नाही. म्हणून माझे विद्यार्थ्यांना एक सांगणे असते. पहिला सर्व्हर चालू झाला की त्यात मुद्दाम एक लांब आकडेमोड घाला आणि दोन मोबाइलवरून तो एकाच वेळी उघडा. दुसरा मोबाइल का अडला, याचे उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहा. ते नीट लिहिता आले, तर पुढची भाषा कोणतीही येवो, तुम्ही ती शिकाल.