तराजू कुणाच्या हातात? शतरंजच्या दिरहमपासून पोकेमॉनच्या ताकदीपर्यंत

अब्बासी खलिफांच्या काळात शतरंजच्या मोहऱ्यांना किंमत होती आणि ती चांदीच्या नाण्यात सांगितली जायची. नवव्या शतकातला अल-अदली आणि त्याच्यानंतरचा अस-सूली हे शतरंजचे नामवंत खेळाडू, शिवाय ग्रंथकारही. त्या परंपरेत रुख, म्हणजे आपल्या मराठी पटावरचा कोपऱ्यातला हत्ती, एक दिरहमचा मानला जाई. घोडा साधारण दोन तृतीयांश दिरहमचा. फील पाव दिरहमचा. कडेचं प्यादं त्याहूनही स्वस्त.

फीलचा अर्थ हत्ती, पण तो उभा असायचा आज आपला उंट असतो त्या घरात. एवढा मोठा प्राणी आणि किंमत फक्त पाव दिरहम! कारण सरळ आहे. फील तिरका जायचा, पण नेमका दुसऱ्या घरात उडी मारून. त्यामुळे चौसष्ट घरांपैकी फक्त आठ घरांत तो कधी ना कधी पोहोचू शकत असे. वजिराची स्थितीही फार बरी नव्हती. तो तिरका एकच घर सरकायचा. पंधराव्या शतकाच्या शेवटी युरोपात या दोन मोहऱ्यांना लांब पल्ल्याची चाल मिळाली आणि सगळा खेळच बदलला. वजीर पटावरचा सर्वांत बलवान मोहरा झाला.

आता तुम्ही विचाराल, सरांना आज शतरंज का आठवला? कारण हाच हिशोब आज शाळकरी मुलं करत आहेत. फक्त मोहऱ्यांच्या जागी राक्षस, ड्रॅगन आणि वीज सोडणारे उंदीर आले आहेत. मुलं पोकेमॉनसारखे खेळ खेळतात आणि काही जण तसे खेळ स्वतः बनवतात. अशा खेळात कुठल्या प्राण्याला किती ताकद द्यायची, हा प्रश्न पोरखेळ वाटतो खरा. पण तो मुळात न्यायाचा प्रश्न आहे. म्हणून त्याचा इतिहास सांगावासा वाटला.

१९९६ : पहिला तराजू

सातोशी ताजिरी हे टोकियोजवळच्या माचिदा भागात वाढले. लहानपणी किडे गोळा करण्याचा त्यांना नाद होता. पुढे शहर पसरत गेलं, शेतं आणि तळी गेली, किडेही गेले. ती मजा नव्या मुलांना मिळावी, या इच्छेतून ‘पोकेमॉन’ची कल्पना निघाली, असं त्यांनीच सांगितलं आहे. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे दोन खेळ आले. त्यात १५१ प्राणी आणि १५ प्रकार होते. पाणी आगीला भारी, आग गवताला भारी, गवत पाण्याला भारी. म्हणजे सर्वांवर मात करणारा कुणीच नाही, असा मूळ विचार.

कॅटरपी नावाची अळी घ्या. तिच्या सगळ्या गुणांची बेरीज १७५. दुसरीकडे म्यूटू, ज्याची बेरीज ५९०. पण अळीला बनवणाऱ्यांनी वाऱ्यावर सोडलेलं नाही. ती दहाव्या पातळीलाच फुलपाखरू होते आणि प्रवासाच्या सुरुवातीला, जेव्हा खेळाडूकडे दुसरं फारसं काही नसतं, तेव्हा उपयोगी पडते. म्यूटू मात्र खेळ जवळजवळ संपल्यावर भेटतो. दोघांची ताकद समान नाही, पण दोघांना आपापली वेळ आहे. मला हा विचार फार आवडतो.

तरीही पहिला तराजू एका बाजूला झुकला. ‘सायकिक’, म्हणजे मनःशक्तीचे प्राणी, सगळ्यांना डोईजड झाले. त्याची कारणं पाहण्यासारखी आहेत. त्यांना कीटक भारी पडायला हवे होते, पण कीटकांचे हल्ले अगदीच किरकोळ ठेवले गेले होते. भुतांचे हल्लेही भारी पडायला हवे होते. प्रत्यक्षात खेळातल्या चुकीमुळे भुताच्या हल्ल्याचा सायकिक प्राण्यांवर काहीच परिणाम होत नसे. त्यात ‘विशेष’ नावाचा एकच गुण हल्ल्यालाही चाले आणि बचावालाही. ज्याच्याकडे तो जास्त, त्याच्या हातात तलवार आणि ढाल दोन्ही.

१९९९च्या नोव्हेंबरमध्ये ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ आले, तेव्हा दुरुस्ती झाली. ‘विशेष’ गुणाचे हल्ला आणि बचाव असे दोन भाग केले. भुतांची चूक सुधारली. ‘डार्क’ आणि ‘स्टील’ हे दोन नवे प्रकार आणले. त्यातल्या डार्कवर सायकिक हल्ला चालतच नाही. पुढे ड्रॅगन फार माजले, तेव्हा २०१३मध्ये ‘फेअरी’ प्रकार आला. इतक्या बलाढ्य ड्रॅगनचा हल्ला नाजूक परीवर निष्प्रभ ठरतो!

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. या दुरुस्त्यांमध्ये बलवानाला उगाच लंगडं केलेलं दिसत नाही. बहुतेक वेळा त्याच्यासमोर उभा राहू शकेल असा कुणीतरी आणला गेला.

ताकदीची किंमत

२००२च्या खेळांत तोल साधण्याचा आणखी एक मार्ग दिसला. स्लेकिंग नावाचा एक आळशी, माकडासारखा प्राणी आहे. त्याच्या गुणांची बेरीज ६७०, म्हणजे पुराणपुरुष मानल्या जाणाऱ्या प्राण्यांच्या तोडीची. पण तो एकदा हल्ला करतो आणि पुढच्या पाळीला नुसता बसून राहतो. त्याच खेळात शेडिंजा आहे, किड्याची रिकामी कात. तिचा जीव फक्त १. पण तिला इजा करायची तर तिच्या प्रकाराला भारी पडणाराच हल्ला लागतो. बाकी कितीही मोठा हल्ला वाया जातो. एकाकडे अफाट बळ आणि मोठी खोट, दुसरीकडे जवळजवळ काहीच नाही, पण एक विलक्षण देणगी.

तराजू चाहत्यांच्या हाती

कंपनी दर काही वर्षांनी नवा खेळ काढते. मधल्या काळात काय करायचं? इथून चाहत्यांचा इतिहास सुरू होतो. २००४च्या अखेरीस ‘स्मोगॉन’ हा चाहत्यांचा गट उभा राहिला. त्यांनी प्राण्यांचे थर लावले. अतिबलवान वर, मग ‘नेहमी वापरले जाणारे’, मग ‘कमी वापरले जाणारे’, मग ‘कधीच न वापरले जाणारे’. थर ठरवायचा तो कुणाच्या आवडीवर नाही, तर वापराच्या आकड्यावर. बरीच वर्षं निकष असा होता : वीस लढतींत तो प्राणी निदान एकदा समोर येण्याची शक्यता निम्मी असेल, तर तो ‘नेहमीचा’. हिशोब केला तर हा आकडा सुमारे ३.४१ टक्के येतो. एखादा प्राणी खेळ बिघडवतो आहे असा संशय आला, तर आधी चाचणी होते आणि त्या काळात खेळून पात्र ठरलेले खेळाडू मत देतात.

२०१४च्या अखेरीस आलेल्या खेळांतला ‘मेगा रेक्वाझा’ इतका बेफाम होता, की अतिबलवानांच्या थरातूनही त्याला बाहेर काढावं लागलं. त्याच्यासाठी ‘काहीही चालेल’ असा वेगळा थर करण्यात आला. बळ हाताबाहेर गेलं की बळवंतांमध्येही जागा उरत नाही, ती अशी.

याच चाहत्यांनी २००७पासून स्वतःचे प्राणी घडवायला सुरुवात केली. पहिला होता सायक्लंट, बर्फ आणि कीटक या दोन प्रकारांचा. त्यांची पद्धत शिकण्यासारखी आहे. आधी हा प्राणी कशासाठी हवा, ते ठरतं. मग प्रकार, मग अंगची देणगी, गुणांचे आकडे, हल्ले, आणि शेवटी खेळून पाहणं. प्रत्येक टप्प्यावर चर्चा आणि मतदान. ताकदीचा आकडा पहिला येत नाही. प्रयोजन पहिलं येतं.

काहींनी तर अख्खे खेळ केले. ‘पोकेमॉन युरेनियम’ दोन चाहत्यांनी सुमारे नऊ वर्षं खपून बनवला आणि ऑगस्ट २०१६मध्ये मोफत दिला. त्यात दीडशेहून अधिक प्राणी आणि ‘न्यूक्लिअर’ हा नवा प्रकार. अणुशक्तीचा हल्ला जवळजवळ प्रत्येकाला भारी, पण अणुशक्तीच्या प्राण्यावरही जवळजवळ प्रत्येकाचा हल्ला भारी. हिरोशिमा सोसलेल्या देशातून निघालेल्या खेळाच्या चाहत्यांना अणूचा तोल असा दिसावा, हे मला अर्थपूर्ण वाटतं. पंधरा लाखांहून अधिक वेळा तो उतरवून घेतला गेला. मग निन्टेन्डोच्या वकिलांच्या नोटिसा आल्या आणि बनवणाऱ्यांनी आपले दुवे काढून टाकले. कायद्याने हक्क कंपनीचा, हे मान्यच. पण नऊ वर्षांची ती मेहनत पैशासाठी नव्हती, हेही नोंदवायला हवं.

हराम की हलाल?

मोहल्ल्यातले पालक मला हे विचारतातच, म्हणून टाळत नाही. २००१मध्ये सौदी अरेबियातल्या धर्मपंडितांनी पोकेमॉनविरुद्ध फतवा काढला. २०१६मध्ये ‘पोकेमॉन गो’ची लाट आली, तेव्हा तो पुन्हा समोर आला. आक्षेपांत एक होता खेळातल्या ‘उत्क्रांती’चा आणि दुसरा पत्त्यांतल्या जुगाराचा. मी मुफ्ती नाही, शिक्षक आहे. पहिल्याबद्दल एवढंच म्हणेन, की खेळातली उत्क्रांती ही अळीचं फुलपाखरू व्हावं तशी आहे. जीवशास्त्राच्या सिद्धांताशी तिचा नावापुरताच संबंध. दुसरा आक्षेप मात्र कान देऊन ऐकण्यासारखा आहे. आत काय आहे ते न सांगता पाकीट विकायचं आणि बलवान पत्ता नशिबावर सोडायचा, यात मुलांच्या खिशाला चटक लागते. शिवाय पैसे मोजून ताकद मिळू लागली की तराजूच विकला गेला. आजच्या अनेक मोबाइल खेळांत हेच चालतं. पालकांनी आधी तिथे पाहावं.

सोळा आण्यांचा प्राणी

आमच्या शाळेत नववीच्या काही मुलांनी वहीत असाच एक खेळ केला होता. उर्दू नावं सुचवा म्हणून ती माझ्याकडे आली. मी खेळ पाहिला. पहिल्या प्राण्याची ताकद शंभर, दुसऱ्याची पाचशे, तिसऱ्याची एक हजार, चौथा थेट अमर. जो शेवटी काढेल तो जिंकेल, असा प्रकार. चार दिवसांत खेळ थंडावला. अमर प्राण्याच्या मालकाशी खेळायला कुणी तयारच नव्हतं.

मी त्यांना अल-अदली आणि दिरहमची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, “प्रत्येक प्राण्याला एकच रुपया द्या. म्हणजे सोळा आणे. हल्ला, बचाव, वेग, जीव, जे हवं ते घ्या. पण सतराव्वा आणा कुणाला नाही.” दुसऱ्या दिवशी एक मुलगा सगळे आणे वेगावर लावून आला आणि सगळ्यांना हरवून गेला. तिसऱ्या दिवशी मुलांनी आपापसात ठरवलं, की वेग महाग करायचा. एका वेगाला दोन आणे. हे मी सांगितलेलं नव्हतं. एका मुलीचं कासव होतं, सगळ्यांच्या चेष्टेचा विषय. वेग महाग झाल्यावर तेच कासव सलग तीन लढती टिकलं. “सर, कासव तेच आहे, भाव बदलला,” ती म्हणाली.

या एका वाक्यात सगळा इतिहास आला. अल-अदलीच्या काळात फील पाव दिरहमचा होता. चाल बदलली आणि किंमतही बदलली. कीटक आणि भुतं १९९६मध्ये नावापुरती होती, नियम सुधारले तेव्हा उभी राहिली. दुबळेपणा पुष्कळदा प्राण्यात नसतो, पटाच्या नियमांत असतो.

अरबी-उर्दूत ‘मसावात’ आणि ‘अदल’ असे दोन शब्द आहेत. मसावात म्हणजे समानता, अदल म्हणजे न्याय. सगळ्या प्राण्यांना एकच ताकद दिली तर मसावात होईल, पण खेळ संपेल, कारण मग निवडायचं काय? अदल वेगळा. प्रत्येकाला अशी एक तरी जागा मिळावी, जिथे त्याच्यावाचून चालत नाही. सूरह अर-रहमानमध्ये ‘मीजान’, म्हणजे तराजू, हा शब्द लागोपाठ येतो. मुलांना तो शिकवताना मला आता वाण्याच्या तागडीबरोबर त्या वहीतल्या कासवाचंही उदाहरण मिळालं आहे.

शिक्षक म्हणून मला त्या चाहत्यांच्या थरांबद्दल शेवटची एक गोष्ट सांगायची आहे. आपणही मुलांचे थर लावतो. हुशार, मध्यम, ‘ढ’. फरक असा, की ‘कधीच न वापरला जाणारा’ म्हणून नोंद झालेल्या प्राण्याची फेरतपासणी होत राहते आणि तो वर येऊ शकतो. त्याच्या थरात त्याच्यासारख्यांबरोबर खेळायला त्याला मैदानही मिळतं. शेवटच्या बाकावरच्या मुलाचा भाव मात्र आपण पाचवीत ठरवतो आणि दहावीपर्यंत बदलत नाही. खेळ बनवणारी मुलं जे तीन दिवसांत शिकली, ते शाळा चालवणाऱ्यांनी शिकायला हरकत नाही. निकाल लावून झाला की एकदा तराजूही तपासावा.